फेलिसिटी केंडल : पडद्यावर दिसली तेवढीच?

रंगपट:

आपल्याकडे फेलिसिटी केंडलचं नाव निघालं की "शशी कपूरची मेव्हणी" एवढ्यावर विषय मिटतो. इंग्लंडात निघालं की 'द गुड लाइफ' या बीबीसी मालिकेतली बार्बरा आठवते आणि तिथेच मिटतो. लंडनच्या रंगभूमीवर या बाईने पन्नासहून जास्त वर्षं जे काम केलंय ते या दोन ओळखींमागे झाकून गेलंय. मला ते फार लागतं. म्हणून हा धागा.

आधी घराणं. वडील जेफ्री केंडल. मूळ आडनाव ब्रॅग, पण उत्तर इंग्लंडातल्या केंडल या गावी जन्मले म्हणून रंगभूमीसाठी गावाचंच नाव लावलं. आई लॉरा लिडेल, तीही नटी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसमोर नाटकं करायला दोघं हिंदुस्थानात आले, आणि १९४७ साली 'शेक्सपिअराना' ही स्वतःची कंपनी घेऊन पुन्हा आले. फेलिसिटीचा जन्म २५ सप्टेंबर १९४६चा, बर्मिंगहॅमजवळच्या ओल्टनचा. नऊ महिन्यांची असताना ती पहिल्यांदा रंगमंचावर आली. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये ज्या पोरावरून पऱ्यांचे राजा-राणी ऑबेरॉन आणि टिटानिया यांचं भांडण जुंपतं, ते पोर म्हणून तिला उचलून आणलं होतं.

पुढची सगळी वाढ दौऱ्यावर. आगगाडीचे डबे, कपड्यांच्या ट्रंका, आज शाळेचा हॉल तर उद्या संस्थानिकाचा राजवाडा. नटमंडळी मोजकी, त्यामुळे एकाने तीन-तीन भूमिका करायच्या आणि काम नसेल तेव्हा विंगेत उभं राहून सामान द्यायचं. उत्पल दत्त काही काळ याच कंपनीत होते आणि जेफ्रींना गुरू मानत. थोरली बहीण जेनिफर कंपनीची नायिका. तिचं आणि शशी कपूरचं लग्न १९५८ साली झालं. कंपनी गाव बदलेल तशी फेलिसिटीची कॉन्व्हेंट शाळा बदलायची. नाट्यशिक्षणाच्या कुठल्याही संस्थेत ती कधी गेली नाही, जे काही शिकली ते या फिरस्तीत.

मग 'शेक्सपिअरवाला', १९६५. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, छायाचित्रण सुब्रत मित्र, संगीत सत्यजित राय यांचं. सिनेमाच्या लाटेत मागे पडत चाललेली इंग्रजी नाटक कंपनी, तिच्या मालक-मालकिणीच्या भूमिकेत खरेच जेफ्री आणि लॉरा, आणि त्यांची मुलगी लिझी म्हणजे अठरा वर्षांची फेलिसिटी. शेवटी लिझीला बोटीत बसवून इंग्लंडला धाडतात. खऱ्या आयुष्यातही ती तेव्हाच गेली. बर्लिनच्या महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते मधुर जाफरींना, आणि ते योग्यच होतं. पण लिझीच्या डोळ्यांतला तो भाबडा हट्ट बघून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

लंडनमध्ये तिला ओळखणारं कुणी नव्हतं. १९६६ साली दूरदर्शनसाठीच्या एका नाटकात जॉन गीलगुड यांच्यासमोर काम मिळालं, १९६७ साली वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पहिली भूमिका, आणि मग बराच काळ फुटकळ कामं. दार उघडलं ते १९७४ साली, ॲलन एकबर्न यांच्या 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स'ने. एकाच घरातला एकच शनिवार-रविवार तीन स्वतंत्र नाटकांत दिसतो: एकात जेवणघर, दुसऱ्यात दिवाणखाना, तिसऱ्यात बाग. फेलिसिटी होती ॲनी, आजारी आईचं करत घरात अडकलेली, ढगळ स्वेटर घालून वावरणारी मुलगी. सोबत टॉम कोर्टनी, मायकेल गॅम्बन, पेनेलोपी विल्टन, पेनेलोपी कीथ. हे नाटक पाहूनच मालिकेचे नायक रिचर्ड ब्रायर्स आणि निर्माते जॉन हॉवर्ड डेव्हिस यांनी फेलिसिटी आणि पेनेलोपी कीथ या दोघींना 'द गुड लाइफ'साठी उचललं.

चाळिशीला पोचलेला टॉम गुड नोकरी सोडतो. सर्बिटनसारख्या टापटीप उपनगरात घरासमोरची हिरवळ खणून भाज्या लावतो, डुकरं आणि बकरी पाळतो, आणि बायको बार्बरा त्याच्या बरोबरीने चिखलात उतरते. बीबीसीवर १९७५ ते १९७८, एकूण ३० भाग. या मालिकेने तिला घराघरांत नेलं, आणि "गोड बार्बरा" हे लेबल आयुष्यभर चिकटलं ते चिकटलंच.

आता माझा मुद्दा. ही लोकप्रियता शिखरावर असताना ती काय करत होती? १९७९ साली नॅशनल थिएटरला पीटर शॅफर यांचं 'अमेडियस' पहिल्यांदा उभं राहिलं त्यात मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ तीच होती. मोझार्टवर जळणारा संगीतकार सालिएरी पॉल स्कोफिल्ड, मोझार्ट सायमन कॅलो. पुढच्याच वर्षी स्कोफिल्डसमोर 'ऑथेल्लो'तली डेस्डिमोना. १९८२ साली टॉम स्टॉपर्ड यांच्या 'द रिअल थिंग'मधली ॲनी, १९८८ साली 'हॅपगुड'मधली हेरखात्याची प्रमुख, १९९३ साली 'आर्केडिया'मधली संशोधक हॅना जार्विस, १९९५ साली 'इंडियन इंक'मधली कवयित्री फ्लोरा क्रू. डेस्डिमोना सोडली तर या सगळ्या नाटकांचे पहिलेवहिले प्रयोग. ती माणसं रंगमंचावर कशी चालतील, कुठे थांबतील, कुठल्या वाक्यावर हसू येईल, हे तालमीत सगळ्यात आधी तिने शोधलं. पुढच्या प्रत्येक नटीला हातात तयार वाट मिळाली.

तुमच्यापैकी कुणी तिला रंगमंचावर पाहिलं असेल तर जरूर लिहा.

थेम्सकाठ:

फार छान धागा. मी पाहिलंय तिला, २०२३ साली लंडनला 'नॉइजेस ऑफ'मध्ये. डॉटी ऑटली या उतरत्या वयाच्या नटीचं काम. पहिल्या अंकात रंगीत तालीम चालू असते आणि डॉटीला एकाच वेळी सार्डिनची बशी, टेलिफोन आणि वर्तमानपत्र सांभाळायचं असतं. काय घेऊन जायचं आणि काय ठेवून जायचं याचा तिचा सतत गोंधळ. केंडलबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. बशी खाली ठेवताना त्या एक क्षण थांबायच्या, बशीकडे बघायच्या, मग प्रेक्षकांत बसलेल्या दिग्दर्शकाकडे, आणि पुन्हा बशी उचलायच्या. बस, एवढंच. सगळं थिएटर हसून बेजार. घाई कुठे नाही, मुद्दाम केलेलं काही नाही.

पण एका बाबतीत मी रंगपट यांच्याशी सहमत नाही. 'द गुड लाइफ'ला तुम्ही लेबल म्हणताय. घरातले प्रसंग बीबीसीच्या स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून चित्रित व्हायचे. म्हणजे दर आठवड्याला नवी संहिता, मोजक्या तालमी आणि मग एका संध्याकाळी जिवंत प्रेक्षकांसमोर प्रयोग. १९७८चा खास भाग तर राणी आणि प्रिन्स फिलिप यांच्या उपस्थितीत झाला. शेक्सपिअरानात वाढलेल्या मुलीला याहून घरचं काम कुठलं मिळणार होतं? शेजारीण मार्गो तोऱ्यात काहीतरी बोलत असते तेव्हा कॅमेऱ्याचा रोख बार्बरावर नसला तरी तिच्याकडे बघा. ती ऐकत असते, खरोखर ऐकत असते. ही सवय नाटकाचीच.

आणि मालिकेच्या शेवटाकडचा 'ॲनिव्हर्सरी' हा भाग कुणी पाहिलाय का? गुड दांपत्याच्या घरात घुसून कुणीतरी सगळी नासधूस करतं. इतके भाग हसवलेल्या बाईने तिथे जे केलंय ते गोड या शब्दात बसत नाही.

रंगपट:

'ॲनिव्हर्सरी'चा उल्लेख केलात, बरं वाटलं. स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा मुद्दाही शंभर टक्के मान्य. मालिका हलकी होती असं मला म्हणायचंच नाही. फक्त लोक तिथेच थांबतात याचं दुःख आहे.

जुईली:

मी फक्त 'शेक्सपिअरवाला' पाहिलाय. एक प्रश्न: एवढ्या मोठ्या नाटकांत मूळ भूमिका केल्या, तर मग सिनेमात किंवा अमेरिकेत तिचं नाव का नाही?

रंगपट:

खरं दुखणं तेच आहे. 'अमेडियस' ब्रॉडवेला गेलं तेव्हा कॉन्स्टान्झ झाली जेन सीमोर, आणि १९८४च्या सिनेमात एलिझाबेथ बेरिज. 'द रिअल थिंग' न्यूयॉर्कला १९८४ साली झालं तेव्हा ॲनी केली ग्लेन क्लोजने आणि तिला टोनी पुरस्कार मिळाला. 'हॅपगुड' तिकडे स्टॉकार्ड चॅनिंगने केलं, 'आर्केडिया'तली हॅना ब्लेअर ब्राउनने. सगळ्या गुणी नट्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ भूमिका घडवली लंडनमध्ये एकीने, आणि जगाच्या स्मरणात राहिली दुसरी. नाटकाचं चित्रीकरण होऊन सिनेमागृहात दाखवण्याची पद्धत फार उशिरा आली. १९८२ सालचा प्रयोग ज्याने पाहिला त्याने पाहिला.

'द रिअल थिंग'चा पहिला प्रवेश वाचून बघा. नवरा-बायकोचं भांडण चाललंय असं आपण धरून चालतो, आणि पुढच्या प्रवेशात कळतं की ते नाटकातलं नाटक होतं. मग येते ॲनी. तिचं प्रेम खरं की तेही लिहिलेलं, या शंकेवर सगळं नाटक तोललेलं आहे. ॲनी जरा जरी खोटी वाटली तरी नाटक कोसळतं. अशा भूमिकेला "बार्बरा"चा तो उघडा, निर्मळ चेहरा किती कामाचा ठरला असेल!

विंगेतला:

आम्ही हौशी रंगभूमीवाले. तिने २००३ साली पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनाखाली बेकेटचं 'हॅपी डेज' केलं, त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

विनी ही बाई पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात गाडलेली असते, दुसऱ्यात मानेपर्यंत. नवरा मागे कुठेतरी, क्वचितच बोलतो. म्हणजे जवळजवळ सगळं नाटक एकटीने बोलायचं. पहिल्या अंकात निदान हात असतात. पिशवीतून टूथब्रश काढायचा, त्याच्या दांडीवरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा वाचायचा. प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक विराम संहितेत लिहिलेला आहे, एकही इकडचा तिकडे करता येत नाही. वाक्यं थोडीथोडी बदलून पुन्हा पुन्हा येतात, एक निसटलं की माणूस दोन पानं पुढे जाऊन पडतो. दुसऱ्या अंकात हातही गेले. उरले डोळे आणि आवाज.

आता विचार करा, ही नटी ज्यासाठी ओळखली जायची ते सगळं तिची चपळाई, अंगातला उत्साह, खोलीभर वावरणं. ते सगळं काढून घेतलं जाईल अशी भूमिका तिने पन्नाशीनंतर स्वतःहून घेतली. यालाच मी धाडस म्हणतो.

सडेतोड:

कौतुक चाललंय ते ठीक, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. तिची बरीच कारकीर्द वेस्ट एंडच्या व्यावसायिक नाटकांत गेली. नोएल कॉवर्ड, एकबर्न, सुखवस्तू इंग्रजांचे दिवाणखाने. जुडी डेंच किंवा मॅगी स्मिथ यांनी शेक्सपिअर जसा वर्षानुवर्षं लावून धरला तसं तिने केलं नाही. शेक्सपिअरवर वाढलेल्या मुलीकडून मला तरी ती अपेक्षा होती.

रंगपट:

मुद्दा रास्त आहे. भूमिकांची संख्या बघितली तर तुमचंच खरं. तरी बीबीसीच्या १९८०च्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली तिची व्हायोला आजही बघायला मिळते. १९८९ साली ॲलन बेट्ससमोर 'मच अडू अबाउट नथिंग'मधली बीट्रिस आणि त्याच मोसमात चेखवचं 'इवानोव्ह', या दोन्हींसाठी तिला 'इव्हनिंग स्टँडर्ड'चं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. शिवाय माझं मत असं की ती वडिलांच्या शेक्सपिअरपासून जाणूनबुजून थोडी लांब गेली. घरात तोच देव आणि तोच धर्म असताना वाढलेल्या मुलीला जिवंत लेखकाच्या तालमीत बसून नवं नाटक घडवण्याचं आकर्षण वाटलं तर नवल नाही. नव्या नाटकाला उभं करणं हे जुनं नाटक पुन्हा गाजवण्यापेक्षा कमी मोलाचं मी मानणार नाही.

दादर_पूर्व:

जेनिफरबद्दल थोडं. फेलिसिटी इंग्लंडला गेली, जेनिफर इथेच राहिली. जुहूचं पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ला सुरू झालं, त्यामागे जेनिफरची मेहनत फार मोठी. पहिलं नाटक कुठलं माहीत आहे? आपल्या गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीत, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांनी केलेलं. केंडल-कपूर घराण्याचा आणि मराठी नाटकाचा धागा असा पहिल्याच दिवशी जुळलाय, आणि मराठी माणसांना तो ठाऊक असायला हवा.

'३६ चौरंगी लेन'साठी जेनिफरला बाफ्टाचं नामांकन होतं. त्या सिनेमात तिच्या म्हाताऱ्या भावाचं काम खुद्द जेफ्रींनी केलंय. ती १९८४च्या सप्टेंबरमध्ये कर्करोगाने गेली. माझ्या मते दोघी बहिणींत अधिक खोल अभिनेत्री जेनिफर होती. तिला कामं कमी मिळाली, वयही लाभलं नाही.

विंगेतला:

@दादर_पूर्व, पृथ्वीची माहिती फार मोलाची. तिथला रंगमंच तीन बाजूंनी प्रेक्षकांना इतका भिडलेला आहे की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या पायाला पाय लागेल की काय असं नटाला वाटतं. शाळांच्या हॉलमध्ये प्रेक्षकांना खेटून नाटकं केलेल्या बाईचा हात त्या रचनेत असणार, असं मला तिथे प्रत्येक वेळी वाटतं.

मृद्गंध:

नाटकातलं मला फारसं कळत नाही, पण 'रोझमेरी अँड थाइम' माझी अतिशय लाडकी मालिका आहे. २००३ला आयटीव्हीवर सुरू झाली. वनस्पतींच्या रोगांची अभ्यासक रोझमेरी बॉक्सर म्हणजे फेलिसिटी, आणि पोलिसातून बाहेर पडलेली लॉरा थाइम म्हणजे पॅम फेरिस. दोघी बागा दुरुस्त करायला जातात आणि तिथे खून निघतो. पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायका, हातात खुरपी, चिखलाचे बूट, कुणाच्या आई किंवा बायको म्हणून नाही तर आपल्या कामातल्या जाणकार म्हणून. अशा भूमिका मालिकांत किती कमी असतात! पानावरचा डाग बघताना ती भिंगामागून जे गंभीरपणे बघते त्यावर माझा पूर्ण विश्वास बसतो.

थेम्सकाठ:

'इंडियन इंक'बद्दल राहूनच गेलं. हे आधी १९९१ साली 'इन द नेटिव्ह स्टेट' नावाचं रेडिओ नाटक होतं. फ्लोरा फेलिसिटी, आणि तिची म्हातारी झालेली धाकटी बहीण मिसेस स्वॉन म्हणजे पेगी ॲशक्रॉफ्ट, त्यांच्या अगदी शेवटच्या कामांपैकी एक. स्टॉपर्ड स्वतः लहानपणी युद्धामुळे चेकोस्लोव्हाकियातून सिंगापूरमार्गे हिंदुस्थानात आले आणि दार्जिलिंगला शिकले. म्हणजे लेखक आणि नटी दोघांचंही बालपण इथलं. रंगमंचावरचं नाटक त्यांनी फेलिसिटीची आई लॉरा हिच्या स्मृतीला अर्पण केलंय.

नाटकात फ्लोरा १९३० साली जुम्मापूर या कल्पित संस्थानात येते, निराद दास नावाचा चित्रकार तिचं चित्र काढतो, आणि ती हिंदुस्थानातच मरते. धाकटी बहीण मागे उरते आणि पुढे अनेक वर्षं तिच्या पत्रांची राखण करते. १९९५ साली फ्लोरा केलेल्या फेलिसिटीने २०२५च्या डिसेंबरात लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरला मिसेस स्वॉन केली. स्टॉपर्ड त्याच्या काहीच दिवस आधी, नोव्हेंबरअखेरीस गेले. थोरली बहीण हिंदुस्थानात राहिलेली, धाकटी इंग्लंडात म्हातारी झालेली, आणि आता ते काम करणारी कोण? या भूमिकेसाठी तिला वेगळी तयारी काय लागली असेल?

दादर_पूर्व:

वाचून अंगावर काटा आला. हे ठाऊक नव्हतं.

सडेतोड:

हे मात्र मानलं. शेक्सपिअरची तक्रार माझी कायम आहे, पण एकाच नाटकातल्या दोन्ही बहिणी तीस वर्षांच्या अंतराने करणं ही मोठी गोष्ट आहे.

जुईली:

माहितीबद्दल सगळ्यांचे आभार. आता सांगा, सुरुवात कुठून करू? नाटकं तर बघता येणार नाहीत.

रंगपट:

'शेक्सपिअरवाला' झालाच आहे, तो पुन्हा बघा, या वेळी तिच्या आईवडिलांकडे लक्ष ठेवून. मग 'द गुड लाइफ'चा पहिला मोसम आणि थेट 'ॲनिव्हर्सरी'. त्यानंतर बीबीसीचं 'ट्वेल्फ्थ नाइट'. २०२१ साली बार्बिकनला झालेल्या 'एनिथिंग गोज' या संगीतिकेचं चित्रीकरण उपलब्ध आहे, त्यात ती होप या तरुणीच्या आईच्या भूमिकेत आहे. काम छोटं, पण सत्तरी ओलांडल्यावरची तिची वेळेची जाण बघायला मिळते. वाचायचं असेल तर तिचं १९९८चं आत्मचरित्र 'व्हाइट कार्गो'. वडील अंथरुणाला खिळलेले, ती उशाशी बसलेली, आणि तिथून दौऱ्यांच्या आठवणी निघत जातात. शेक्सपिअरानाबद्दल याहून जवळचं लेखन नाही.

थेम्सकाठ:

यात रेडिओची भर घाला. 'आर्केडिया' १९९३ सालीच बीबीसी रेडिओवर मूळ नटसंचात झालं होतं, बिल नाय आणि रुफस स्यूएलसकट. ते आणि 'इन द नेटिव्ह स्टेट' ही दोन्ही ध्वनिमुद्रणं शोधण्यासारखी आहेत. संहिता समोर ठेवून ऐका. 'आर्केडिया'त हॅना आणि बर्नार्ड यांची खडाजंगी आहे तिथे तर नक्की, कारण ती वाक्यं मूळ तालमीतून आलेल्या नटांच्या तोंडची आहेत.